न दुखणाऱ्या पायाचे ऑपरेशन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझी जागा मागच्या बाजूला, मसालेभाताच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे ओढले. म्हणाल्या, "तुमच्या पायाची हकीकत सगळ्यांना सांगा. वाटेत भेटेल ती विचारते, आणि तुम्ही प्रत्येकीला अर्धीच सांगता." मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. म्हणून मनातले सगळे मुलीला सांगितले, तिने ते कागदावर नीट उतरवले, आणि डॉक्टरसाहेबांना एकदा दाखवूनही आणले. तोच कागद वाचते. काही चुकलेमाकले तर पदरात घ्या.

गोष्ट २०२१ सालच्या मे महिन्यापासून सुरू होते. करोनाची दुसरी लाट होती. आपल्या आळीतल्या कितीतरी घरांत तेव्हा काय काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी नऊ दिवस प्राणवायूवर होते. तेव्हा मला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली, मग त्याच्याच गोळ्या दिल्या. त्या औषधाने माझा जीव वाचला, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे मी त्याच औषधाबद्दल बोलणार आहे, तेव्हा खाल्ल्या घरचे वासे मोजते असे कोणी म्हणू नये.

घरी येताना कागदावर लिहून दिले होते की गोळ्या इतके दिवस घ्यायच्या, मग कमी कमी करून बंद करायच्या. तशा त्या बंद झाल्या. पण गोळ्या होत्या तोवर भूक लागत होती, अंगात तरतरी होती. बंद झाल्यावर अंग मोडून आल्यासारखे वाटे. मग मी काय केले? जुना कागद पिशवीत घातला, औषधाच्या दुकानात गेले आणि म्हणाले, याच गोळ्या द्या. त्या संपल्या की पुन्हा गेले. असे चार महिने केले. दुकानदाराला दोष देऊन मी सुटू पाहत नाही; मागणारी मी होते. घरात कोणाला विचारले नाही, डॉक्टरांना तर नाहीच. माझे तोंड वाटोळे झाले, गाल वर आले. तुमच्यापैकीच दोघीतिघी म्हणाल्या, "दुखण्यातून उठल्यावर तब्येत छान सुधारली हो!" मलाही ते खरे वाटले. सप्टेंबरात सासूबाईंना दाखवायला डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी त्यांच्याआधी माझ्याच तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही काय घेताय?" मग त्यांनी त्या गोळ्या हळूहळू उतरवत बंद केल्या.

मला वाटले, झाले, संपले. पण ते तिथूनच सुरू झाले होते.

त्या वर्षीच्या दिवाळीत करंज्या करायला मी मांडी घालून बसले आणि डाव्या बाजूला जांघेत कळ आली. उठताना ती मांडीवरून खाली गुडघ्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवसापासून गुडघाच दुखू लागला. बायकांचे गुडघे दुखायचेच, असे आपण सगळ्या धरून चालतो. तेल झाले, शेक झाला, गरम पट्टा झाला. दुखणे थांबवायच्या गोळ्या झाल्या. एका ठिकाणी गुडघ्याचा फोटोही काढला. तो अगदी चांगला निघाला. फोटो चांगला निघाल्यावर मलाच लाज वाटली की आपण उगाच कांगावा करतो आहोत. केर काढताना पाय ओढत होते, जिन्याला हात धरत होते, आणि कोणी विचारले तर "होईल बरे" म्हणत होते. या "होईल बरे" मध्ये नऊ महिने गेले. ते नऊ महिने मला आजही परत मिळावेसे वाटतात.

२०२२ च्या श्रावणात मी लंगडू लागले, तेव्हा यजमानांनी मला मिरजेला नेले. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातही लावला नाही. मला उताणे झोपवले, गुडघा वाकवून पाय धरला आणि पाऊल बाहेर नेऊन मांडी आत वळवली. मी किंचाळले. कळ गुडघ्यात नाही, जांघेत आली. डॉक्टर म्हणाले, "बाई, दुखते गुडघ्यात, पण चोर खुब्यात बसला आहे." खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच असतात, म्हणून खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते. माझ्या भाषणातले दुसरे सगळे विसरलात तरी चालेल, एवढे वाक्य घरी न्या.

खुब्याचा फोटो काढला. डाव्या बाजूला हाडाचा गोळा वरून चेपलेला दिसला. मलासुद्धा दिसला, इतका उघड. मग एम. आर. आय. केले. ते यंत्र हाडाच्या आतले दाखवते. साध्या फोटोत हा रोग सुरुवातीला दिसतच नाही, एम. आर. आय. मध्ये मात्र दिसतो. त्यात कळले की डावा गोळा तर गेलाच आहे, पण उजव्या बाजूलाही तोच रोग आहे. आणि उजवा पाय मला कधीही, एक दिवससुद्धा, दुखला नव्हता.

रोगाचे नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. सगळे त्याला ए. व्ही. एन. म्हणतात. त्याचा साधा अर्थ, रक्त न मिळाल्यामुळे हाडाचा भाग मरणे. हाड मरते हे मी पहिल्यांदाच ऐकले. मी तर हाड म्हणजे लाकडासारखे काहीतरी कोरडे समजत होते. पण हाड जिवंत असते, त्याला रक्त लागते, ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे भरते.

शाळेत आपण शिकलो, खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात एक वाटी असते आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते, ते त्या वाटीत फिरते. त्या चेंडूच्या खाली हाडाची बारीक मान असते. चेंडूला रक्त नेणाऱ्या बहुतेक नळ्या या मानेला लगटून वर चढतात, आणि त्या फार बारीक असतात. आपल्याकडे पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत असते त्याचे काय हाल होतात ते आपण पाहतो. वर कुठेही अडले की आधी त्याचा ऊस वाळतो. या चेंडूचे शेत तसे टोकाचे आहे. मानेचे हाड मोडले किंवा सांधा निखळला की नळ्या तुटतात. स्टिरॉइड पुष्कळ घेतले, किंवा दारू फार झाली, तर हाडाच्या आतली चरबी वाढते, बारीक नळ्या तुंबतात आणि आतला दाब वाढतो. हाड चोहोबाजूंनी बंद असल्यामुळे त्या दाबाला बाहेर जायला वाट नसते. सिकलसेलच्या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन नळ्या बुजवतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार पुष्कळ आहे, आणि तिथे तरुण मुलांचे खुबे यामुळे जातात. कित्येकांत तर कारण सापडतही नाही.

करोनानंतर असे झालेली मी एकटी नव्हे. २०२१ सालीच मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी करोनातून उठलेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची अशी हकीकत प्रसिद्ध केली होती. हा म्हातारपणाचा रोग नाही. तीस ते पन्नास वर्षे वयाच्या, कामाच्या उमेदीतल्या माणसांना तो जास्त गाठतो. आणि मार लागून झालेला नसेल, तर अर्ध्याहून अधिक जणांत तो दोन्ही खुब्यांत निघतो. म्हणूनच डॉक्टर एका बाजूच्या तक्रारीवर दोन्ही बाजू तपासतात.

आता हाड मेले तर ते त्याच दिवशी का ढासळत नाही, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घरात वाळवी लागलेली तुळई पाहिली आहे का?" पाहिली होती. बाहेरून रंग शाबूत असतो, आणि एक दिवस माळ्यावर पाय ठेवला की ती खचते. मेलेल्या हाडाचेही तसेच. शरीर आपल्या परीने दुरुस्ती करायला निघते, मेलेले हाड खरवडून काढते, पण नवे हाड तितक्या लवकर भरत नाही. मधल्या काळात आत पोकळ होते, आणि त्यावर आपण उठतो, बसतो, घागर उचलतो, जिने चढतो. शेवटी वरचे कवच आत दबते. चेंडू एकदा चेपला की तो पुन्हा गोल होत नाही. मग तो वाटीला घासतो आणि सगळा सांधाच झिजतो.

म्हणजे या रोगात दोन काळ असतात, चेंडू चेपण्याच्या आधीचा आणि नंतरचा. माझा डावा पाय नंतरच्या काळात गेला होता. त्याला एकच उपाय होता, कृत्रिम सांधा. उजवा पाय अजून आधीच्या काळात होता. त्याच्यासाठी सांधा राखणारी शस्त्रक्रिया करता येत होती, पण थांबायला वेळ नव्हता.

डॉक्टरांनी सगळे समजावून सांगितले. सांधा राखण्याचे मार्ग बरेच आहेत. सर्वांत साधा मार्ग म्हणजे हाडाला भोक पाडून आतला दाब मोकळा करणे. फ्रान्समधल्या तुलूझ गावच्या आर्ले आणि फिका या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या वर्षांत रोग तपासण्यासाठी हाडाचा तुकडा काढायला भोक पाडले, आणि त्या भोकानेच रोग्याचे दुखणे कमी झाले; त्यातून ही शस्त्रक्रिया आली. दुसरा मार्ग, पायाच्या नळीजवळचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून आत टेकूसारखे बसवायचे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ते १९७९ पासून होऊ लागले. जपानच्या सुगिओका डॉक्टरांनी मांडीचे हाड मानेपाशी कापून चेंडूच फिरवायची युक्ती काढली, म्हणजे मेलेला भाग भाराखालून बाजूला जातो आणि चांगला भाग भाराखाली येतो. आपल्याकडे कलकत्त्याच्या बक्षी डॉक्टरांनी स्नायूला जोडलेलाच हाडाचा तुकडा चेंडूत बसवून रक्त पोचवण्याचे काम केले, ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. हाडे बळकट करणाऱ्या गोळ्यांचाही मुंबईत उपयोग केलेला आहे. कोणाला काय करायचे हे मेलेला भाग किती मोठा, कोठे आहे, वय किती, यावर ठरते. माझ्या उजव्या चेंडूतला भाग मोठा नव्हता, म्हणून मला साधे भोक आणि त्यात माझ्याच हाडाचा मगज, असे ठरले.

मी विचारले, "यश नक्की येईल का?" डॉक्टर म्हणाले, "नक्की म्हणणार नाही. चेपण्याआधी आणि भाग लहान असताना केले तर पुष्कळांचा सांधा वाचतो. काहींचा नाही वाचत. मग आज ना उद्या कृत्रिम सांधा आहेच. पण काही न करता बसलो तर हा पाय डाव्याच्या वाटेने जाण्याची भीती जास्त आहे." त्यांनी गोड बोलून मला फसवले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

खरी लढाई घरी झाली. सासूबाईंचे म्हणणे, "दुखणारा पाय तसाच ठेवून न दुखणाऱ्याला भोक पाडून घ्यायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?" त्यांचे काय चुकले? मला स्वतःलाही ते पटत नव्हते. आपल्याला दुखते ते कळते. जे दुखत नाही त्यासाठी पाटल्या गहाण टाकायच्या, घर सहा आठवडे दुसऱ्यांच्या गळ्यात घालायचे, आणि तरी नक्की काही नाही! यजमान म्हणाले, "दोन्ही पायांना कृत्रिम सांधेच बसवून टाकू, एकदाचे मोकळे होऊ." हा प्रश्नही मी डॉक्टरांना विचारला होता. कृत्रिम सांधा ही फार मोठी गोष्ट आहे, यात संशय नाही. इंग्लंडात चार्नली नावाच्या डॉक्टरांनी तो १९६२ साली आजच्या वळणावर आणला आणि जगभर लंगडी माणसे चालू लागली. पण तोही झिजतो. २०१९ साली इंग्लंडातील संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून सांगितले की १०० तले सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. मी तेव्हा ४३ वर्षांची होते. ४३ आणि २५ म्हणजे ६८. अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा ऑपरेशन, आणि दुसऱ्या वेळचे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते. एका पायाचे ते ठीक, पण दोन्ही पायांचे कशासाठी, जर एक वाचण्यासारखा असेल तर?

त्या रात्री मुलीने मोबाइलवर माझे दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. डावा आणि उजवा. ती म्हणाली, "आई, डावासुद्धा गेल्या वर्षी असाच गोल असेल ना?" एवढेच म्हणाली. मी सकाळी यजमानांना सांगितले, उजव्याचे आधी करायचे.

आधी उजव्याचे का, असे तुम्ही विचाराल. डॉक्टर म्हणाले, "डावा आता गेलाच आहे, तो दुखेल पण थांबेल. उजवा थांबणार नाही." म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये उजव्याचे ऑपरेशन झाले.

ऑपरेशन म्हटले की छातीत धडकी भरते, म्हणून कसे झाले ते सांगते. पाठीत मणक्याशी इंजेक्शन दिले, कमरेखालचे अंग बधिर झाले. मी जागी होते. कमरेच्या हाडातून जाड सुईने मगज काढला, तो यंत्रात घुसळून त्याचा दाट अंश वेगळा केला. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला लहानसा छेद घेतला, आणि सुताराच्या गिरमिटासारख्या यंत्राने मानेतून चेंडूपर्यंत भोक नेले. गिरमिट बरोबर जागी जाते की नाही, हे पडद्यावर फोटोत सारखे पाहत होते. त्याचा आवाज ऐकू येत होता, दुखत नव्हते. मेलेल्या भागात वाट झाली, दाब मोकळा झाला, आणि त्या वाटेने मगज आत सोडला. त्यातून नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि नवे हाड भरावे, अशी योजना. तासाभरात सगळे आटोपले. तिसऱ्या दिवशी घरी आले.

ऑपरेशन लहान, पण त्याचे पथ्य मोठे. सहा आठवडे उजव्या पायावर पुरता भार द्यायचा नाही. भोक पाडल्यामुळे हाड त्या जागी काही दिवस कच्चे असते. भार दिला तर ते मोडू शकते, आणि आतला चेंडूही चेपू शकतो. म्हणजे वॉकर धरायचा आणि भार द्यायचा तो डाव्या पायावर! बिघडलेला पाय सहा आठवडे चांगल्या पायासाठी राबला. रात्री तो इतका ठणके की मी उशी तोंडात धरत असे. पण मनात म्हणे, राब बाबा, तुझ्या धाकट्या भावासाठी राब.

भगिनींनो, हे सहा आठवडे आपल्या मंडळाने काढले. हे मी वर्धापनदिनाच्या दिवशी सांगितले नाही तर कधी सांगणार? कोणत्या दिवशी कोणाकडून डबा यायचा याची यादी करून ती माझ्या दाराला लावली होती. ज्यांच्याशी माझे नळाच्या पाण्यावरून बोलणे बंद होते, त्यांच्या घरूनही गुरुवारचा डबा आला. डब्यात पुरणपोळी होती. मी पुरणपोळी खाल्ली आणि रडले. यजमान पंचवीस वर्षांत पहिल्यांदा केर काढायला शिकले. कोपरे अजून राहतात, पण काढतात. आणि सासूबाईंनी, ज्या ऑपरेशनला नको म्हणत होत्या त्यांनी, देवघरापुढचा माझा पाट उचलून माळ्यावर टाकला आणि तिथे खुर्ची ठेवली. मी संकोचले, देवापुढे खुर्चीवर कसे बसायचे? त्या म्हणाल्या, "देवाला गुडघे दिसत नाहीत, हात दिसतात."

सहा आठवड्यांनी भार वाढवत नेला. २०२३ च्या फेब्रुवारीत डाव्या पायाला कृत्रिम सांधा बसला. तोही उत्तम आहे; दुसऱ्याच दिवशी मला उभे केले, आणि सव्वा वर्षाची ती कळ गेली ती गेलीच. तेव्हा कोणाला कृत्रिम सांधा सांगितला असेल, त्यांनी माझ्या बोलण्याने घाबरू नये. पण डाव्या पायाला मला बंधने आहेत. खाली मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, पाय वाकडातिकडा वळवायचा नाही. उजवा पाय माझा स्वतःचा आहे. त्यालाही जपते, धावत नाही, जड उचलत नाही. पण तो माझा आहे.

२०२४ च्या डिसेंबरात उजव्याचा पुन्हा फोटो काढला. चेंडू गोल आहे. डॉक्टर म्हणाले, "छान आहे, आता वर्षाने या." कायमचा बरा झाला असे ते म्हणाले नाहीत आणि मीही म्हणत नाही. उद्या तो चेपणारच नाही असे कोणी लिहून दिलेले नाही. पण आजपर्यंतचे जे दिवस मी त्यावर चालले, ते दिवस मी कमावलेले आहेत.

आता शेवटी चार गोष्टी सांगते आणि थांबते.

पहिली. जांघेत दुखत असेल, पाय आत वळवताना कळ येत असेल, मांडी घालता येत नसेल, लंगडल्यासारखे होत असेल आणि गुडघ्याचा फोटो चांगला येत असेल, तर खुबा तपासून घ्या. साधा फोटो चांगला आला आणि दुखणे राहिलेच, तर एम. आर. आय. ची गरज आहे का, असे स्वतःहून विचारा. विचारले म्हणून डॉक्टर रागावत नाहीत.

दुसरी. स्टिरॉइडला शत्रू समजू नका. दम्याला, संधिवाताला, कितीतरी आजारांना ते लागते. माझे भाषण ऐकून आज घरी जाऊन कोणी गोळ्या फेकून देऊ नका. बरेच दिवस घेत असलेली गोळी एकदम तोडली तर जीवावर बेतू शकते. दम्याच्या पंपातला अंश तर फार थोडा असतो. पण कागदावर जितके दिवस लिहिले तितकेच दिवस घ्यायचे. जुना कागद दाखवून पुन्हा आणायचे नाही. आणि बाजारात नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या मिळतात, ज्यांनी दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो, त्यांपासून दूर राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडलेले आहे.

तिसरी. ज्यांच्या घरात दारू आहे, त्यांनी हे घरी सांगावे. काळजाचे आणि लिव्हरचे सगळे सांगतात, खुब्याचे कोणी सांगत नाही. तरण्याताठ्या मिळवत्या माणसाचा खुबा गेला की घराचाच खुबा जातो. आणि चारपासून आठ-दहा वर्षांपर्यंतचे पोर लंगडत असेल, गुडघा दुखतो म्हणत असेल, तर त्याला दटावू नका. मुलांमध्ये पर्थेस नावाचा असाच रोग असतो, त्यातही खुब्याच्या चेंडूचे रक्त तुटते. लवकर कळले तर बरेच करता येते.

चौथी गोष्ट पैशाची. ऑपरेशन सरकारी योजनेत बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा. आम्ही ते पाटल्या मोडायला निघाल्यावर विचारले. आधी विचारायला हवे होते.

बायकांना आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगायची सवय असते. आधी सासूबाईंचे औषध, मग पोरांचे, मग यजमानांचे. आपले राहिलेच तर आपले. मी दुखणाऱ्या पायाकडे नऊ महिने पाहिले नाही आणि तो गेला. न दुखणाऱ्या पायाकडे वेळेवर पाहिले आणि तो आज मला इथपर्यंत घेऊन आला. दोन्ही पाय एकाच बाईचे, रोग एकच, औषधही एकच झालेले. फरक पडला तो वेळेचा.

पुढच्या वर्षी मला पुन्हा माझ्या मसालेभाताच्या पातेल्यापाशी जाऊ द्या. फक्त तिथे एक उंच स्टूल ठेवा म्हणजे झाले.